वृक्षाइतकाच पाचोळाही मोलाचा

पावसाळ्याच्या आरंभी शाळाशाळांतून वनमहोत्सव साजरा होतो. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व शेतीमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी हा उत्सव सुरू केला आणि तेव्हापासून तो आपल्या शालेय जीवनाचा एक भागच होऊन बसला आहे. खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, वृक्षांची थोरवी सांगणारी भाषणे होतात आणि लावलेल्या रोपांची संख्या अहवालात नोंदली जाते. हा उपक्रम स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या साऱ्या समारंभात एक समजूत आपण न तपासताच स्वीकारीत असतो. ती अशी की, झाड उभे राहिले म्हणजे त्याखालची माती आपोआप राखली गेली. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. आणि ती तशीच बाळगल्यामुळे आपल्या वनांची मोठी हानी होत आहे.

माती वाहून कशी जाते, ते प्रथम पाहू. पुष्कळांना वाटते की, उतारावरून धावणारे पाणीच माती खरवडून नेते. वस्तुतः या नाशाची सुरुवात त्याआधी, पावसाचा थेंब जमिनीवर आपटतो त्या क्षणीच होते. पाच मिलिमीटर जाडीचा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. उघड्या मातीवर असे असंख्य थेंब आदळले की मातीचे कण सुटे होऊन उडतात. त्यांतील बारीक कण जमिनीच्या सूक्ष्म छिद्रांत बसतात आणि वर एक घट्ट पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, ते वाहू लागते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याच्या अंगची शक्ती चौपट होते. प्रथम मातीचा पातळ थर निघतो, पुढे बोटाएवढ्या चरी पडतात आणि काही वर्षांनी त्याच चरींच्या घळी बनतात.

आता या आघातापासून झाड जमिनीचे रक्षण करते काय? येथेच आपली समजूत फसते. झाडाच्या पानांवर पडलेले पाणी काही अंशी तेथेच सुकते, काही खोडावरून खाली उतरते. परंतु बरेचसे पानांच्या टोकांशी जमून खाली गळते. असे गळणारे थेंब मूळ पावसाच्या थेंबांपेक्षा पुष्कळदा मोठे असतात. सागासारख्या रुंद पानांच्या झाडाखाली तर ते विशेष मोठे असल्याचे मोजमापांनी दिसून आले आहे. थेंब आठ-दहा मीटर उंचीवरून पडला की त्याला जवळजवळ पूर्ण वेग प्राप्त होतो. म्हणजे उंच झाडाखालची जमीन जर उघडी असेल, तर तेथे पावसाचा मारा मोकळ्या माळरानापेक्षा कमी असेलच असे नाही. तो कधी कधी अधिकच असतो!

मग घनदाट अरण्यातील ओढे भर पावसातही तुलनेने स्वच्छ का वाहतात? याचे श्रेय उंच शेंड्यांइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्या गोष्टींना आहे : गळून पडलेला पाचोळा, त्याखालचा कुजलेला काळसर थर, गवत, नेचे, वेली आणि झुडुपे. उंचावरून आलेला थेंब झुडुपावर अडतो आणि हातभर उंचीवरून पुन्हा पडतो, तेव्हा त्याचा जोर ओसरलेला असतो. उरलासुरला मारा पाचोळा सोसतो. कुजका पाला पाणी धरून ठेवतो आणि वाहत्या पाण्याला जागोजागी अडवितो. त्याच्या आश्रयाने गांडुळे, वाळवी आणि इतर जीव जमीन पोखरतात व पाणी मुरण्यास वाटा करून देतात. वृक्षांची व गवताची तंतुमुळे मातीचे कण एकत्र बांधून ठेवतात. जावा बेटावर अकेशियाच्या लागवडीत प्रत्यक्ष प्रयोग करण्यात आले. तेथे झाडांचे छत्र कायम ठेवून केवळ पाचोळा काढून टाकला, तेव्हा मातीची धूप अनेक पटींनी वाढली.

याचा अर्थ वृक्ष निरुपयोगी आहेत, असा मात्र कोणी घेऊ नये. पाचोळा येतो तो वृक्षांपासूनच. सावली व ओलावा वृक्षच पुरवितात. उताराला मुळांचा आधार वृक्षच देतात. आमचे म्हणणे इतकेच की, वन म्हणजे नुसत्या खोडांची गणती नव्हे. वरचे छत्र, मधली झुडुपे आणि खालचे आच्छादन ही तिन्ही मिळून वन होते. त्यांतील सर्वांत खालची पायरी मोडली तर वरच्या दोन्ही मातीला वाचवू शकत नाहीत.

आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व फार मोठे आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते व पूर्वेकडे वाहत जाऊन सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणाला मिळते. त्याच तालुक्याच्या डोंगरांतून म्हादई निघते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्रास भेटते. एकाच तालुक्याची माती दोन दिशांच्या लोकांच्या पाण्याशी अशी बांधली गेली आहे. वरच्या उतारांवरून सुटलेली माती नाहीशी होत नाही. ती नदीच्या पात्रात आणि धरणाच्या तळाशी जाऊन बसते. मांजरा नदीवर १९३१ साली पूर्ण झालेल्या निजामसागर जलाशयाची पाणी साठविण्याची शक्ती गाळामुळे किती घटली, हे सर्वश्रुत आहे. जलाशयातील गाळ पैसा खर्चून थोडाफार उपसता येईल. पण डोंगरावरून गेलेली माती तेथे परत कोण नेणार? मातीचा वीतभर थर तयार होण्यास शतकानुशतके लागतात. ती गेल्यावर आपल्या पठारांवर उरतो तो उघडा जांभा दगड, आणि त्यावर पुन्हा वन उभे करणे महाकठीण.

खानापूरच्या पश्चिमेस सदाहरित झाडी आहे, तर पूर्वेकडे सागासारखी पानगळीची झाडे. या दुसऱ्या भागाची स्थिती विशेष नाजूक असते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी कोसळतात तेव्हा साग निष्पर्ण उभा असतो. त्या वेळी मातीच्या अंगावर एकच पांघरूण असते, ते म्हणजे पाचोळा. आणि नेमक्या त्याच्या आधीच्या महिन्यांत वणवे लागतात. कोणी नवे गवत फुटावे म्हणून आग लावतो, कोणी निष्काळजीपणे विडी टाकतो. मोठी झाडे बहुधा जगतात, म्हणून पाहणारा म्हणतो, ‘वनाचे काही बिघडले नाही.’ पण पाचोळा राख झालेला असतो, रोपटी व झुडुपे जळालेली असतात, आणि पहिलीच जोराची सर ती राख व तिच्याखालची माती घेऊन ओढ्याला मिळते. गुरांच्या अतिचराईनेही हेच घडते. खुरांनी जमीन घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. सह्याद्रीच्या पट्ट्यातील शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, गोठ्यात पाला अंथरतो, त्याचे खत करतो. त्याला पाचोळा नेऊ नको असे सांगणे शहरात राहणाऱ्यास सोपे आहे. पण त्याने शेती कशी करावी? शिवाय पाचोळा साठू दिला तर वणव्याला अधिक इंधन मिळणार नाही काय?

दोन्ही शंका खऱ्या आहेत. म्हणूनच सरसकट बंदी हा यावरचा उपाय आहे असे आम्हांस वाटत नाही. पाचोळा कोठून न्यावा आणि कोठून मुळीच नेऊ नये, याचा विवेक हवा. सपाट जागेवरून, दरवर्षी जागा बदलून, थोडा पाला उचलल्यास फारशी हानी होत नाही. तीव्र उतार, ओढ्यांचे काठ आणि झऱ्यांच्या वरची जमीन मात्र निषिद्ध मानावी. आगीच्या भयासाठी साऱ्या वनाचा पाला झाडून काढण्याची गरज नाही; जाळरेषा वेळेवर साफ ठेवल्या तर वणवा पसरत नाही, आणि त्या रेषांवरचा पालाच शेतकऱ्यास देता येईल. राब जाळण्याऐवजी त्याच पाल्याचे कंपोस्ट केले तर थोड्या पाल्यात अधिक काम होईल. हे नियम वरून लादण्यापेक्षा ज्या गावाचे वन त्या गावानेच बसून ठरवावे, हे उत्तम.

आणि वनमहोत्सवाचे काय? तो अवश्य व्हावा. परंतु किती रोपे लावली हे सांगून न थांबता, तीन वर्षांनी त्यांतील किती जगली आणि त्यांच्याखाली गवत-झुडूप किती वाढले, हेही शाळांनी नोंदवावे. एकाच जातीच्या झाडांच्या सरळ रांगा लावून खालची जमीन स्वच्छ झाडून ठेवणे, याला आपण नीटनेटकेपणा म्हणतो. अंगणाला तो शोभतो; डोंगराला तो घातक आहे.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. दोन सारख्या पसरट डब्यांच्या एका बाजूस भोके पाडा, त्यांत सारखीच माती भरा आणि ते सारख्याच उतारावर ठेवा. एकातील माती उघडी ठेवा, दुसरीवर वाळका पाला पसरा. दोहोंवर सारख्याच उंचीवरून झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली येणारे पाणी काचेच्या दोन पेल्यांत धरा. पेले शेजारी शेजारी ठेवून रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी तळाशी बसलेला गाळ मोजपट्टीने मोजला की कोणत्या जमिनीची माती गेली आणि कोणत्या जमिनीची राहिली, याचा निर्णय तुमचा तुम्हीच कराल. असा निर्णय ज्या मुलांनी स्वतः केला आहे, ती मोठेपणी वनात काडी ओढताना शंभरदा विचार करतील, असा आम्हांस भरवसा वाटतो.