ढोल वाजण्याआधी

गणपती तोंडावर आले. संध्याकाळ झाली की ढोल-ताशांचा सराव सुरू होतो आणि ज्यांच्या घरी स्वमग्न मूल आहे, ते आईबाप जीव मुठीत धरून बसतात. मूल कान दाबून किंचाळतं, जमिनीवर लोळण घेतं. शेजारी म्हणतात, लाडावून ठेवलंय.

तो हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल हवं ते मिळालं की थांबतं. आवाजाचा, गर्दीचा भार असह्य झालेल्या मुलाला त्या वेळी काहीच नको असतं. समजावणं नको, दटावणं तर नकोच. दिवा मालवा, माणसं बाहेर काढा, स्वतः कमी बोला.

खरं काम त्याच्या आधीचं. आता पुढे काय होणार, हे मुलाला दिसलं पाहिजे. बोललेलं विरून जातं, चित्र समोर राहतं. कपाटाच्या दारावर पुठ्ठ्याची एक पट्टी लावा. तिच्यावर वेलक्रोने त्याच्याच वस्तूंचे फोटो: त्याचा ब्रश, त्याची बादली, शाळेची रिक्षा, जेवणाचं ताट. एकेक काम झालं की त्यानेच फोटो चर्रकन ओढून काढायचा आणि खालच्या डब्यात टाकायचा. काही मुलं त्या चर्र आवाजासाठी आंघोळीला तयार होतात! रिक्षावाले काका उद्या येणार नसतील, तर रात्रीच फोटो बदला. सुरुवातीला ‘आधी आंघोळ, मग झोका’ एवढी दोनच चित्रं पुरतात. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती मनातून काढून टाका. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

गणपतीसाठीही तेच. गेल्या वर्षीच्या आरतीचा व्हिडिओ बारीक आवाजात आत्तापासून दाखवा. आवाज अडवणारे हेडफोन घरात शांतता असताना घालून पाहू द्या. आतली खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा, तिथे पाहुण्यांच्या बॅगा नकोत. दारातूनच मोदक घेऊन ते आत पळालं, तर पळू द्या. त्याचा गणपती झाला.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. म्हणजे सामावून घेण्याची जबाबदारी एकट्या आईची नाही, आपलीही आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे माझं एक मागणं आहे: सरावाची वेळ आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि सांगितलेल्या वेळेला थांबा. तेवढ्यात त्या मुलाला बागेत नेऊन आणता येतं.