आधी मागणी नोंदवा



8 जुलै हा गो. नी. दांडेकरांचा जन्मदिवस. गोनीदा म्हटलं की आपल्याला तळेगाव आठवतं, मावळ आठवतो, गडकिल्ल्यांवर फिरणारी ती दाढीधारी मूर्ती आठवते. त्यांचा जन्म मात्र आमच्या परतवाड्याचा, 1916 सालचा. मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूरला खेटून असलेलं हे गाव. या मुलखाची बोली गोनीदा विसरले नाहीत. ‘पूर्णामायची लेकरं’ ही त्यांची कादंबरी वऱ्हाडीत आहे, आणि ती वाचताना आम्हा वऱ्हाडी माणसांना घरचं कोणी बोलतंय असं वाटतं.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एकानं विचारलं, “हे पुस्तक इथं अमेरिकेत कुठं मिळेल?” लगेच उत्तरं आली. कोणी म्हणालं, सासूबाई येतायत, त्यांच्या बॅगेतून मागव. कोणी म्हणालं, पीडीएफ असेल कुठंतरी. आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारू, असं मात्र कोणालाच सुचलं नाही. त्याच ग्रंथालयात आपण दर शनिवारी पोरांना घेऊन जातो आणि त्यांच्या उन्हाळी वाचनाचे तक्ते कौतुकानं फ्रिजवर लावतो. तिथं मराठी मिळत नाही, हे आपण न विचारताच ठरवून टाकलेलं आहे.

खरं तर अमेरिकेत मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि ती इथं कशी आली ती हकिकत आपल्या आजी-आजोबांच्या ताटाशी जोडलेली आहे. पीएल 480 या अमेरिकी कायद्याचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या कायद्याखाली अमेरिकेहून आलेला, रेशनच्या दुकानातला तो लाल गहू त्यांना लगेच आठवेल. त्या धान्याचे पैसे भारत सरकार रुपयांत भरत असे. हे रुपये अमेरिकेला बाहेर नेता येत नव्हते, ते भारतातच खर्चायचे होते. त्यातल्या काही रकमेतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कार्यालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. शिकागो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, बर्कली इथली मराठीची कपाटं अशी भरत गेली. पुढं रुपये संपले तेव्हा विद्यापीठांनी स्वतःचे डॉलर घालून ही खरेदी चालू ठेवली.

विद्यापीठाची पुस्तकं आपल्याला कशी मिळणार, असं वाटेल. त्यासाठी आंतरग्रंथालयीन देवघेव आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयाचं कार्ड असलं की तिथूनच अर्ज करायचा. बहुतेक ठिकाणी हे फुकट असतं, काही ठिकाणी थोडं शुल्क पडतं. पुस्तक दुसऱ्या राज्यातून यायला काही आठवडे लागतात. पुस्तक कुठं आहे हे आधी वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीवर पाहून ठेवावं.

इथं एक मेख आहे. ‘दांडेकर’ आपण रोमन लिपीत लिहितो तसं शोधलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही, आणि माणूस ‘नाहीच’ म्हणून उठतो. इथल्या सूचीकारांचा नियम असा की देवनागरीतला न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहायचा. त्यामुळे दांडेकरांच्या शेवटी एक जादा ‘ए’ (a) येतो, गोपाळच्या शेवटी येतो, नीलकंठच्या शेवटीही येतो. केतकरांच्या तर मधल्या ‘त’लाही तो चिकटतो. हा ‘ए’ घालून शोधा, कपाटच्या कपाट उघडेल.

केतकरांचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. श्रीधर व्यंकटेश केतकर हा अमरावतीच्या शाळेत शिकलेला मुलगा 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात आला आणि 1911 साली डॉक्टरेट मिळवून निघाला. परत गेल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा घाट घातला. त्यासाठी कंपनी काढली, भाग विकले, आधी नागपुरात आणि मग पुण्यात बिऱ्हाड मांडून 23 खंड पुरे केले. आज ते यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं इंटरनेटवर ठेवले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत सुरू केलेला मराठी विश्वकोशही फुकट वाचता येतो. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं ई-स्वरूपात आहेत.

वऱ्हाडातल्या आपल्या गावाचा इतिहास हवा असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर 1870 सालचं लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटिअर आहे आणि 1911 सालचं अमरावती जिल्ह्याचंही. त्यांत ‘अचलपूर’ शोधू नका, ‘एलिचपूर’ शोधा. 1905 पर्यंत एलिचपूर हा वेगळा जिल्हा होता, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या किती वऱ्हाड्यांना ठाऊक असेल?

ज्यांच्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभू या महानुभाव संतांचं चरित्र म्हणजे मराठी गद्याच्या आरंभकाळातला ठेवा. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनं त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो 1984 साली प्रसिद्ध झाला. हायस्कुलातल्या पोराला आपल्या मुलखाची ओळख अशीही होऊ शकते, आणि हे पुस्तकही ग्रंथालयातूनच मागवता येतं.

सहा-सहा महिने इकडे येऊन राहणाऱ्या आई-बाबांचा प्रश्न वेगळा. गाडी चालवत नाहीत, डोळे थकलेले, दिवस सरता सरत नाही. अशा वेळी चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची आठवण होते. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. तरीही इतरांकडून ग्रंथ वाचून घेत ते विद्वान झाले, आणि 1915 साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मागं मोठी ग्रंथसंपदा ठेवून गेले. मुलाच्या कार्डावर मराठी पुस्तक आणा आणि नातवंडांपैकी ज्याला देवनागरी येते त्याला रोज दोन पानं मोठ्यानं वाचायला सांगा. आजोबांचा दिवसही जाईल आणि नातवाचे उच्चारही सुधारतील.

‘पीडीएफ असेल कुठंतरी’ म्हणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. त्यामुळे केतकर खुले आहेत, साने गुरुजीही खुले आहेत. गोनीदा 1998 साली गेले, त्यांची पुस्तकं अजून खुली नाहीत. त्यांचे स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं म्हणजे मराठी प्रकाशकाच्या पोटावर पाय देणं. ती विकत घ्या किंवा ग्रंथालयाला घ्यायला लावा.

ग्रंथालयाला ‘घ्यायला लावणं’ वाटतं तितकं अवघड नाही. इथली सार्वजनिक ग्रंथालयं वाचकांनी सुचवलेली पुस्तकं विचारात घेतात, त्याचा फॉर्म असतो. पण जी पुस्तकं कोणी नेत नाही ती काही वर्षांनी बाहेरही काढली जातात. मराठीच्या वाट्याला आधी मागणीचा दुष्काळ आणि मग जागेचा दुष्काळ येतो तो यामुळे. म्हणून घरात प्रत असली तरी ग्रंथालयातली प्रत अधूनमधून नेत जा. ग्रंथपाल आपल्या भाषेचा अभिमान मोजू शकत नाही, पुस्तक किती वेळा बाहेर गेलं हे मोजू शकतो.

आणि परतवाडा? तिकडची ग्रंथालयंही मागणीवरच चालतात, फक्त मागणी बदलली आहे. 1967 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. ती चालवतात बहुधा स्थानिक मंडळी, हौसेनं आणि पदरमोड करून. सकाळी पेपरचं टेबल भरलेलं असतं, दुपारी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पोरं मान खाली घालून बसलेली असतात. अशा ठिकाणी आपण तळघर आवरताना सापडलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांची खोकी पाठवली तर त्यांचं करायचं काय? भाऊ, आधी त्यांना विचारा तर खरं. त्यांना परीक्षेची ताजी पुस्तकं हवी असतील, एखादा संगणक हवा असेल, नाहीतर जुन्या, दुर्मीळ पुस्तकांच्या स्कॅनिंगला मदत हवी असेल. इथं असो की तिथं, नियम एकच: आधी गरज विचारायची, मग हात सैल सोडायचा.

तेव्हा मंडळातर्फे दोन विनंत्या. प्रत्येक कुटुंबानं एका मराठी पुस्तकाचं नाव 31 ऑगस्टपर्यंत आपल्या गावच्या ग्रंथालयात नोंदवावं आणि आम्हालाही कळवावं. कुठं काय मिळालं याची यादी आपण दिवाळी अंकात छापू. आणि या हिवाळ्यात गावी जाणाऱ्यांनी आपल्या जुन्या वाचनालयात अर्धा तास बसून त्यांची गरज लिहून आणावी. मदतीचा ठराव त्यानंतर करू.

यादीतलं पहिलं नाव अर्थातच ‘पूर्णामायची लेकरं’. दुसरं तुमचं येऊ द्या.

आपला,
संपादक