नाळ कापण्याची घाई नको

बाळ जन्मले की नाळ लगेच चिमटून कापायची, ही रीत इस्पितळांत बरीच वर्षे चालली. पण त्या क्षणी बाळाच्या वाट्याचे सुमारे एक तृतीयांश रक्त अजून वारेतच असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते फार मोलाचे. आईकडून लोह मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळते, आणि नेमके तेच दिवस त्याला लाभलेले नसतात. त्यात तपासणीसाठी वरचेवर रक्त काढावे लागते. मग रक्तक्षय होतो, बाहेरचे रक्त द्यावे लागते.

नाळ निदान एक मिनिट थांबूनच चिमटावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सांगितले. थांबल्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू घटतात, असे २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागली, तर मात्र निर्णय डॉक्टरांचाच.

बंधुभगिनींनो, घरात सून वा लेक गरोदर असेल, तर डॉक्टरांना किंवा सुईणीला हे आधीच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर विचारायला कुणाला सुचणार? बारशाची तयारी आपण महिनाभर करतो. या एका मिनिटाचीही करू या.