१६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत: कपाटांचं गणित काय?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांचं घर! पण ही जागाही पटकन भरू शकते.

कशी? सहा फूट रुंद, दोन फूट खोल वॉर्डरोब १२ चौरस फूट जागा अडवतो. असे तीन केले की ३६ चौरस फूट गेले, म्हणजे घराचा सुमारे ७ टक्के भाग.

उपाय चाळकऱ्यांना ठाऊक आहेच: माळा. दारावर लॉफ्ट, पलंगाखाली ड्रॉवर, खिडकीखाली बसता येईल असं कपाट. फिक्स फर्निचर करताना आधी उंची वापरा, मग जमीन. मात्र त्यासाठी आरसीसी भिंत किंवा बीम फोडू नका. इमारतीचा भार त्यांच्यावरच असतो.