ब्रेक पॅडची शिल्लक

मोटारीचे ब्रेक पॅड किती किलोमीटरनंतर बदलावेत, हा प्रश्न सर्रास विचारला जातो. परंतु त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. बाजारपेठेच्या गर्दीत फिरणाऱ्या गाडीचे पॅड २५,००० किलोमीटरला संपतील, तर महामार्गावरच धावणाऱ्या तशाच गाडीचे ५०,००० नंतरही शाबूत असतील. व्यापारी वर्षअखेरीस केवळ वहीवर विसंबत नाही, गोदामात जाऊन माल मोजतो. येथेही तेच करावे लागते.

नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली असता सुमारे एवढीच जाडी भरते. मात्र थराच्या मागील लोखंडी पाटी या मोजमापात धरू नये. ती धरल्यामुळेच ‘अजून पुष्कळ आहे’ असा भास होतो.

अलॉय चाकाच्या फटींतून विजेरीच्या प्रकाशात बाहेरचा पॅड दिसतो. परंतु खरी फसगत आतल्या पॅडची होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या धूळ व पावसाळ्यातील चिखलाने अडकल्या की आतला पॅड अधिक वेगाने झिजतो. बाहेरचा चांगला दिसत असताना आतला संपलेला असतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी चाक उतरवून दोन्ही पॅड आपल्यासमोर दाखवावयास सांगावे. चांगल्या मिस्तरीला याचा राग येत नाही.

‘आवाज आला की पाहू’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. काही पॅडना पोलादाची बारीक पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकून किंचाळते. पण सर्वच पॅडना ती नसते. शिवाय पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी डिस्कवरील गंजामुळेही वाजतो आणि चार वेळा दाबताच शांत होतो. खरखर ऐकू येऊ लागली तर बहुधा लोखंड लोखंडावर घासत असते. मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च पदरी पडतो.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरणे हीदेखील पॅड झिजल्याची खूण आहे. पॅड न पाहता नुसते ऑइल भरून ती खूण पुसून टाकू नये. पातळी एकाएकी उतरली तर मात्र गळती समजून गाडी जागीच थांबवावी.

कोल्हापूरहून आंबा घाटाने कुटुंबासह कोकणात उतरावयाचे असेल, तर ४ मिलिमीटर उरले असतानाच पॅड बदललेले बरे. पातळ पॅडमधून उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. ते उकळले की पेडल मऊ पडते, आणि हे घडते ते नेमके उतारावर, गाडीत आजी-आजोबा व मुले बसलेली असताना. उतारावर खालचा गियर ठेवावा, हे चालकाला निघण्यापूर्वीच बजावावे.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. नवे पॅड बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल तीन-चार वेळा दाबून ते घट्ट लागते याची खात्री करावी, आणि पहिले सुमारे ३०० किलोमीटर एकाएकी जोराने ब्रेक लावणे शक्यतो टाळावे.