पोट गुडगुडलं की हसताय, पण रेशनच्या गव्हाचं काय?

आजची पोस्ट पोटाच्या आवाजावर आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय गिरणीतून थेट रेशन दुकानात जातो.

मला सिलिॲक आजार आहे, निदानाला पाच वर्षं झाली. गहू, जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की आमचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, एवढाच उपचार. त्यामुळे "आता तुम्ही पण डाएटवर का?" असं कुणी विचारलं की काय बोलावं कळत नाही. हे श्रीमंतांचं फॅड नाही हो.

गहू सुटला की जुलाब थांबतात, वजन भरतं. गुडगुड मात्र बऱ्याच जणांची राहते. आमच्या धंद्यात तर फार पंचाईत. शोकसभेत दोन मिनिटं मौन पाळायला उभं राहावं आणि आपलं पोट भाषण करायला लागावं! पत्रकार परिषदेत कुणीतरी हमखास म्हणतं, "पत्रकारसाहेबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, नाष्टा आणा." नाष्ट्यात काय, तर समोसा, उपमा आणि बिस्किटं. म्हणजे गहू, गहू आणि गहू.

आवाज का येतो, तर आतडं आकसून हवा आणि पाणी पुढे ढकलतं म्हणून. तो सगळ्यांच्याच पोटात होतो. रिकाम्या पोटी जास्त घुमतो. गहू सोडल्यावर आपण बेसन, डाळी, कडधान्यं एकदम वाढवतो, त्यानं गॅस वाढतो. आतडं भरून येईपर्यंत काहींना दूध पचत नाही. पाकिटातल्या महागड्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांत डिंकासारखे पदार्थ घालतात, त्यानंही काहींचं पोट फुगतं.

मला उपयोगी पडलं ते सांगतो. तीन-साडेतीन तासांनी थोडं थोडं खायचं, बैठकीला उपाशीपोटी जायचं नाही. कडधान्यं रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, मऊ शिजवायची. दुधाऐवजी ताक. सावकाश चावून खायचं, जेवल्यावर शतपावली. सोड्याची बाटली बंद. एवढं करूनही आवाजासोबत जुलाब, पोटदुखी, वजन घटणं असेल तर डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा कुठून तरी गहू पोटात जात असतो.

तो कुठून जातो, ते नीट वाचा. गॅस झाला की आपल्याकडे पहिला उपाय हिंग. आणि बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं! डबीवर घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो घ्या. थालीपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच, सातूच्या पिठात गहू किंवा जव. पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर एफएसएसएआयच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पण आपलं अर्धं खाणं सुटं, त्याला कसलं लेबल?

पाकिटं घ्यायची गरजही नाही म्हणा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा यांत मुळातच ग्लुटेन नाही. ज्या आजारासाठी शहरात महागडे ब्रेड शोधतात, त्याचं औषध आपल्या तव्यावर आहे, भाकरी! पण ती भाकरी पण सरळ ताटात येत नाही. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं, आणि आमच्यासारख्याला तेवढंही बाधतं. गिरणीवाल्याला सांगावं तर तो म्हणतो, "एवढ्यानं काय होतंय?" अहो, उपवासाचं दळण आपण गव्हावर चालवून घेतो का? एकादशीच्या आधी जातं साफ करून वेगळं दळतातच ना? जे व्रतासाठी जमतं ते आजारासाठीही जमलं पाहिजे. सकाळी पहिलं दळण ज्वारीचं लावलं, तरी पुष्कळ फरक पडेल.

आता रेशन. मी पगारदार माणूस, ज्वारी विकत घेऊ शकतो. पण मजुराच्या पोरीला हा आजार निघाला तर? घरात फुकटचा गहू येतो आणि ज्वारी बाजारात चढ्या भावानं घ्यावी लागते. पोरीसाठी वेगळी भाकरी, वेगळं पीठ, वेगळा डबा किती दिवस जमेल? आई-बाप शेवटी तिच्या ताटात चपातीच वाढणार. पोरगी खुरटणार, रक्त कमी होणार, आणि शाळेत पोट वाजलं म्हणून पोरं हसणार. आमच्याकडचा रेशन दुकानदार सरळ सांगतो, "मशीनवर जे दिसतं तेच देतो." त्याचंही चूक नाही, तरतूद वरून यायला हवी.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरडधान्याचंही नाव आहे. 2023 हे साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्याकडे बॅनर लागले, भाषणं झाली. मग डॉक्टरचा दाखला असलेल्या माणसाच्या वाट्याचा गहू बदलून ज्वारी किंवा तांदूळ द्यायला अडचण काय आहे? नव्या योजनेची गरज नाही, मशीनमध्ये एक पर्याय हवा.

दुसरी मागणी, या आजाराची रक्ततपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून व्हावी. नमुना इथं घ्या, तपासायला जिल्ह्याला पाठवा. वर्षानुवर्षं जुलाब, रक्त न वाढणं, मुलाची उंची न वाढणं यामागे हे असू शकतं. आणि महत्त्वाचं, शंका आली म्हणून तपासणीआधी स्वतःच गहू बंद करू नका. बंद केल्यावर तपासणीत आजार दिसेनासा होतो.

पुढच्या आमसभेत हे दोन्ही विषय लेखी देणार आहे. तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर कळवा. नाव छापणार नाही, फक्त आकडा हवाय. एकट्याचं पोट वाजलं तर हसण्यावारी जातं. यादी घेऊन गेलो तर साहेबांना उत्तर द्यावं लागेल.