जगवणे, मरू देणे आणि मारणे

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ मतांनी एक विधेयक संमत केले. सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेल्या प्रौढ रुग्णाला वैद्यकीय मदतीने स्वतःचे आयुष्य संपवता यावे, असा त्याचा आशय. इंग्लंड-वेल्सच्या कॅथलिक चर्चने त्याला कडाडून विरोध केला. त्याच वर्षी गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे 'लिव्हिंग विल', नोंदवले आणि या विषयावर चर्चा सुरू झाली. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला की चर्चचा इच्छामरणाला विरोध असेल, तर कॅथलिक माणसाने असे इच्छापत्र करावे का?

हा प्रश्न फक्त गोव्याचा किंवा वसईचा नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले सर्व धर्मांचे नातेवाईक तो विचारतात. 'व्हेंटिलेटर काढायला सांगितले तर आम्हाला पाप लागेल,' हे वाक्य सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला नवीन नाही. कॅथलिक परंपरेने या प्रश्नावर इतक्या बारकाईने विचार केला आहे की तो इतरांनाही उपयोगी पडावा.

व्हेंटिलेटर नवे होते, तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला. मेंदूला गंभीर इजा झालेला, बरे होण्याची आशा नसलेला रुग्ण यंत्रावर किती दिवस ठेवायचा, असे ऑस्ट्रियातील भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांनी विचारले. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. रुग्णावर किंवा कुटुंबावर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. १९८०च्या व्हॅटिकन घोषणेत हाच विचार 'प्रमाणात' आणि 'प्रमाणाबाहेर' अशा शब्दांत आला. उपचाराचा भार आणि त्यातून होणारा लाभ यांचा मेळ बसतो का, हे पाहायचे. मरण घडवून आणण्याच्या हेतूने केलेली कृती मात्र चर्चला केव्हाही मान्य नाही. म्हणूनच ब्रिटनमधील विधेयकाला विरोध आणि निष्फळ उपचार थांबवण्याला संमती या दोन गोष्टी एकत्र नांदतात.

पोप फ्रान्सिस यांच्या अखेरच्या आजारात या तत्त्वाच्या दोन्ही बाजू दिसल्या. दोन्ही फुप्फुसांच्या न्यूमोनियाने ते रोमच्या जेमेली रुग्णालयात होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची प्रकृती एकदम ढासळली. थांबायचे, की इतर अवयवांना धोका पत्करून सगळी औषधे वापरून पाहायची, हा प्रश्न त्या वेळी पथकापुढे होता, असे डॉ. सर्जियो अल्फिएरी यांनी नंतर सांगितले. प्रयत्न करायचे ठरले. पोप सावरले आणि २३ मार्चला घरी गेले. २१ एप्रिलला पक्षाघात झाला, तेव्हा मात्र त्यांना रुग्णालयात हलवले नाही. हलवून उपयोग नव्हता. माणूस तोच होता आणि श्रद्धाही तीच. दोन निर्णय वेगळे झाले, कारण दोन वेळची वैद्यकीय स्थिती वेगळी होती.

अतिदक्षता विभागात आम्ही हेच करतो, किंवा करायला हवे. चाळिशीतल्या न्यूमोनियाच्या रुग्णाला व्हेंटिलेटर हा पूर्णपणे प्रमाणात बसणारा उपचार आहे; आठवडाभरात तो घरी जाऊ शकतो. सर्वांगात पसरलेला कर्करोग आणि मूत्रपिंड, यकृत निकामी झालेल्या रुग्णाला तेच यंत्र फक्त मरण लांबवते. यंत्र बदललेले नसते, त्याचे काम बदललेले असते. अंदाज येत नसेल तेव्हा तीन-चार दिवसांची मुदत ठरवून उपचार करावेत, सुधारणा मोजावी आणि मग नातेवाइकांबरोबर बसून पुढचे ठरवावे.

वेदनाशमनाबाबतही असाच गैरसमज आहे. मॉर्फिन दिले म्हणजे मरण जवळ आणले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वेदनेच्या प्रमाणात, मोजून वाढवलेल्या मात्रेने रुग्ण शांत होतो, झोपतो, बोलतो. हेतू वेदना कमी करण्याचा असेल तर अशी औषधे देण्यास चर्चची १९५७पासूनच संमती आहे. आपल्याकडे अडचण वेगळीच होती. अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक परवान्यांमुळे मॉर्फिन रुग्णापर्यंत पोहोचतच नसे. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली, तरी अनेक ठिकाणी ते आजही मिळत नाही.

एका मुद्द्यावर मात्र चर्च आणि अनेक डॉक्टर यांच्यात मतभेद आहे. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेतील रुग्णाला नळीने अन्नपाणी देणे ही सामान्य शुश्रूषा आहे, शरीर ते स्वीकारत असेल तोवर ते बंद करू नये, अशी व्हॅटिकनची २००७ची भूमिका. अनेक डॉक्टर त्याला वैद्यकीय उपचार मानतात, आणि माझाही कल तिकडे आहे. पण केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानभाग यांना चार दशके जे दिले, ते पाहिल्यावर दुसरी बाजू सहज मोडीत काढता येत नाही. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्न थांबवण्याची विनंती फेटाळली, ती या परिचारिकांचे म्हणणे विचारात घेऊन.

शिवाय सरकारी रुग्णालयात अतिउपचारापेक्षा अपुरा उपचार हा मोठा प्रश्न आहे. पैसे संपले, मजुरी बुडते, गावी कोणी नाही, म्हणून बरा होऊ शकणारा रुग्ण 'डामा' घेऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेला जातो. त्याला 'सन्मानाने मरण' म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. वृद्ध, अपंग आणि गरीब यांना आपण ओझे आहोत असे वाटू लागते, ही चर्चची भीती आपल्या वॉर्डात खरी ठरते. सन्मान मागायचा तर आधी शुश्रूषेची सोय हवी. वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस १९८६मध्ये सुरू झाले. तिथे ख्रिस्ती नन्स सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची अखेरपर्यंत सेवा करतात. अशी सोय जिल्ह्याजिल्ह्यात नाही, हे आपल्या चर्चेतले सर्वात मोठे रिकामे पान आहे.

कायद्याची बाजू आता स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते साक्षांकित करता येते. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव त्यात द्यायचे असते. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे स्वतंत्रपणे रुग्णाची स्थिती तपासतात; एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या मुलाला निर्णय घेता येत नाही. औषध टोचून मृत्यू घडवणे आपल्या कायद्यात गुन्हाच आहे. म्हणजे या टप्प्यावर भारतीय कायदा आणि कॅथलिक शिकवण बरेच अंतर बरोबर चालतात.

श्रद्धाळू कुटुंबांना एक सांगणे. धर्मगुरूंना शेवटच्या तासाला बोलावू नका. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार हा केवळ मरणाऱ्यांसाठी नाही. गंभीर आजारातल्या कोणासाठीही तो आहे. रुग्ण शुद्धीत असतानाच त्याला काय हवे आहे, कशाची भीती वाटते, हे विचारा. आणि डॉक्टरांना 'अजून काय करता येईल' एवढेच न विचारता 'त्यातून यांना काय मिळेल, आणि काय सोसावे लागेल' हेही विचारा. या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.